क्यूमधून गेलेला मजकूर पलीकडे बिघडतो, दुरुस्त होतो आणि पुन्हा बिघडतो

लिनक्सवरचा जावा प्रोग्राम आयबीएम एमक्यूच्या (प्रोग्रामांमध्ये मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, मेसेज टाकतो. मेनफ्रेम या मोठ्या केंद्रीय संगणकावरचा, कोबोल या जुन्या भाषेतला प्रोग्राम तो उचलतो आणि उत्तर परत पाठवतो. कित्येक महिने काही तक्रार नसते. मग एखाद्या सकाळी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू लागतात, किंवा रकमेच्या रकान्यात भलताच आकडा येतो, किंवा जेसन या मजकुरी डेटा-फॉर्मॅटचा पार्सर चौकटी कंसावर अडतो. कुणीतरी घेणाऱ्या बाजूला एक ओळ बदलतं आणि तक्रार थांबते. पुढच्या पॅचला, नव्या सर्व्हरला किंवा नुसत्या रीस्टार्टला तीच तक्रार पुन्हा हजर.

या दुखण्याचं मूळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी असतं. मेसेजमधले बाइट एक सांगतात आणि मेसेजच्या हेडरमधलं, म्हणजे मजकुराबरोबर जाणाऱ्या माहितीच्या भागातलं, त्यांचं वर्णन दुसरंच. घेणाऱ्या बाजूने त्या खोट्या वर्णनाला जुळेल अशी उलटी दुरुस्ती केली की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि सगळं ठीक दिसतं. पुढे कुणी त्यातली एक चूक प्रामाणिकपणे सुधारली की दुसरी उघडी पडते. म्हणून कोणत्या टप्प्यावर बिघडलं हे कळेपर्यंत कोडला हात लावू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

स्क्रीनवर विश्वास नको, बाइट पाहा

टर्मिनल, लॉग पाहण्याचं साधन, डेटाबेसचा क्लायंट यांतलं प्रत्येक जण आपापल्या समजुतीने रूपांतर करून अक्षरं दाखवतं. तिथे दिसलेलं प्रश्नचिन्ह मेसेजमध्ये असेलच असं नाही, आणि तिथे नीट दिसलेलं नाव मेसेजमध्ये नीट असेलच असंही नाही. स्क्रीनशॉटवरून वाद घालण्यात दोन टीमचा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

एमक्यूबरोबर एएमक्यूएसबीसीजी नावाचा नमुना प्रोग्राम येतो. तो क्यूमधला मेसेज न काढता नुसता वाचतो आणि हेडर व मजकूर हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत, प्रत्येक बाइटला दोन) छापतो. सवयीने एएमक्यूएसगेट चालवू नका. तो मेसेज काढून घेतो, शिवाय मागतानाच रूपांतर करून मागतो, म्हणजे पुरावा दोन्ही बाजूंनी गेला. प्रत्यक्ष व्यवहारांचा क्यू असेल तर छापलेल्या डम्पमध्ये लोकांची खरी माहिती असते. तो ईमेलने फिरवू नका.

मेसेज निघाला तो क्यू, पलीकडे जाण्याआधी तो थांबतो तो मधला ट्रान्समिशन क्यू आणि पोचला तो क्यू, अशा तिन्ही ठिकाणचा डम्प मिळाला तर उत्तम. घेणारा प्रोग्राम थोडा वेळ थांबवला की मेसेज क्यूमध्ये साचतात आणि निवांत पाहता येतात.

आता बाइट कसे वाचायचे. यूनिकोड ही सगळ्या लिपींच्या चिन्हांची यादी आणि यूटीएफ-८ ही ती चिन्हं बाइटांत लिहिण्याची एक पद्धत. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं आहे: ई० ए४ एई. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशीच होते. डम्पमध्ये ही लय दिसली तर मजकूर इथवर शाबूत आहे. दोष पुढे आहे.

सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असं दिसलं तर तो तोच ‘म’ आहे, पण दोनदा एन्कोड झालेला, म्हणजे बाइटांत लिहिलेला. कुणीतरी यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा, अक्षराला एक बाइट देणारा संच) समजून वाचले आणि पुन्हा यूटीएफ-८ करून लिहिले. स्क्रीनवर हा प्रकार ओळखू येतो: तिरकी रेघ डोक्यावर असलेला लॅटिन ए आणि त्याला चिकटून चलनाचं किंवा येनचं चिन्ह, हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा येते.

३एफ दिसलं तर ते ॲस्कीतलं, म्हणजे मूळ इंग्रजी अक्षरसंचातलं, खरंखुरं प्रश्नचिन्ह आहे. मूळ अक्षर या टप्प्याच्या आधीच गेलं. इथे प्रश्नचिन्हं मोजा. ‘मराठी’ या शब्दात यूनिकोडची पाच चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ चे पंधरा बाइट. पाच प्रश्नचिन्हं आली असतील तर प्रोग्रामच्या हातात शब्द बरोबर होता आणि तो देवनागरी नसलेल्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षर आणि बाइट यांच्या तक्त्यात) लिहिताना गेला. पंधरा चिन्हांचा कचरा आला असेल तर कुणीतरी यूटीएफ-८ चा एकेक बाइट स्वतंत्र अक्षर मानून वाचला आहे. नुसत्या मोजणीवरून चूक लिहिताना झाली की वाचताना, हे कळतं.

ईएफ बीएफ बीडी म्हणजे यूनिकोडचं ‘इथलं काही समजलं नाही’ हे बदली चिन्ह. वाचणाऱ्याने हात टेकले आणि मूळ बाइट फेकून दिले.

मेनफ्रेमच्या डम्पमध्ये मात्र एक गफलत वारंवार होते. तिथला मजकूर सहसा एब्सडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या वेगळ्या कॅरेक्टर सेटमध्ये, असतो. ‘ए’ हे कॅपिटल लॅटिन अक्षर ॲस्कीत ४१ तर एब्सडिकमध्ये सी१, शून्य हा अंक ॲस्कीत ३० तर एब्सडिकमध्ये एफ०, स्पेस २० ऐवजी ४०. एब्सडिकमधलं प्रश्नचिन्ह ६एफ आहे. तिथे ३एफ दिसलं तर ते प्रश्नचिन्ह नसून रूपांतर न जमल्याची खूण आहे. तीच खूण ॲस्कीच्या बाजूला १ए म्हणून येते. तेव्हा मेनफ्रेमच्या डम्पमधलं ३एफ सांगतं की प्रश्नचिन्ह कुणी पाठवलं नाही, रूपांतराच्या तक्त्यात ते अक्षरच नव्हतं.

हेडर काय म्हणतो

बाइट कळले की हेडरमधली तीन फील्ड पाहा. कोडेड कॅरेक्टर सेट आयडी, म्हणजे सीसीएसआयडी, मजकूर कोणत्या कॅरेक्टर सेटमध्ये आहे ते सांगतो: १२०८ म्हणजे यूटीएफ-८, १२०० म्हणजे यूटीएफ-१६, ८१९ म्हणजे लॅटिन-१, आणि ३७, ५०० किंवा १०४७ म्हणजे एब्सडिकचे वेगवेगळे प्रकार. एन्कोडिंग हे फील्ड पूर्णांक आणि दशांश कसे ठेवलेत ते सांगतं: इंटेलवरच्या विंडोज व लिनक्ससाठी ५४६, एआयएक्ससाठी २७३, मेनफ्रेमच्या झेड/ओएससाठी ७८५. तिसरं फील्ड फॉर्मॅट. तिथे एमक्यूएसटीआर असेल तर सगळा मेसेज मजकूर आहे, आणि आठ स्पेस असतील तर आत काय आहे ते कुणी सांगितलेलंच नाही.

क्यू सांभाळणारा क्यू मॅनेजर ही माहिती तपासत नाही. पाठवणाऱ्याने लिहिलं ते खरं धरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रोग्रामने सीसीएसआयडी ० ठेवला (सी आणि कोबोलमधल्या तयार हेडरमध्ये तो ०च असतो) तर क्यू मॅनेजर तिथे स्वतःचा आकडा लिहितो. म्हणजे बाइट प्रोग्रामचे आणि वर्णन क्यू मॅनेजरचं. दोघं योगायोगाने जुळत असतील तोवर ठीक. नव्या सर्व्हरवर क्यू मॅनेजर वेगळ्या लोकेलखाली (भाषा आणि कॅरेक्टर सेटच्या सेटिंगखाली) तयार झाला की वर्णन बदलतं, बाइट तेच राहतात, आणि ‘आम्ही तर काहीच बदललं नाही’ असं सगळे मनापासून सांगतात.

परत परत का येतं

पहिलं कारण जावाच्या डीफॉल्ट कॅरेक्टर सेटचं. मजकुराचे बाइट करणारी गेटबाइट्स ही मेथड कंसात काही न देता बोलावली की जावा १७ पर्यंत ती कॅरेक्टर सेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या लोकेलवरून ठरवते. लोकेल न दिलेल्या लिनक्स कंटेनरमध्ये जावा ८ ते १७ ॲस्की धरतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह करतं. म्हणूनच कुणी लॉगिन करून हाताने रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून आपोआप सुरू झालं की बिघाड: लॉगिन शेलमध्ये लोकेल सांगणारं लँग हे व्हेरिएबल असतं, क्रॉनला ते मिळत नाही. दोन वेळच्या प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट शेजारी शेजारी ठेवून पाहा. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि बऱ्याचदा शोध इथेच संपतो.

२०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ झालं. चांगलंच झालं, पण विंडोजचा १२५२ हा कॅरेक्टर सेट गृहीत धरून चालणारा जुना कोड याच अपग्रेडला उलट्या दिशेने मोडतो. फाइल डॉट एन्कोडिंग या सेटिंगला कॉम्पॅट अशी किंमत देऊन जुनं वागणं परत आणता येतं, पण तो तात्पुरता आधार समजा. खरा उपाय एकच: प्रत्येक रूपांतरात कॅरेक्टर सेट नावानिशी द्या आणि हेडरमध्ये तोच आकडा स्वतः लिहा. यूटीएफ-८ दिलं तर १२०८ आणि फॉर्मॅट एमक्यूएसटीआर. हे दोन्ही एकाच फंक्शनमध्ये असावं, म्हणजे एक बदलताना दुसरं विसरता येणार नाही.

दुसरं कारण मला सगळ्यांत फसवं वाटतं, कारण रीस्टार्टने ते नाहीसं होतं. घेणारा प्रोग्राम मेसेज उचलण्यासाठी एमक्यूगेट हा कॉल बोलावताना ‘मला माझ्या कॅरेक्टर सेटमध्ये बदलून दे’ असं हेडरच्या फील्डमधूनच सांगतो. कॉल संपल्यावर त्याच फील्डमध्ये आलेल्या मेसेजचं वर्णन लिहिलं जातं. रूपांतर जमलं तर तिथे मागितलेलाच आकडा राहतो आणि काही बिघडत नाही. एका मेसेजचं रूपांतर जमलं नाही की तिथे मूळ आकडा येतो. लूपमध्ये फील्ड पूर्ववत केली नसतील तर पुढच्या कॉलला प्रोग्राम नकळत म्हणतो, ‘मला पाठवणाऱ्याच्याच कॅरेक्टर सेटमध्ये दे.’ मग चांगले मेसेजही रूपांतराशिवाय येत राहतात, रीस्टार्ट होईपर्यंत. एक खराब मेसेज आणि त्यामागची रांगच्या रांग बिघडलेली, असं चित्र दिसलं तर सगळ्यांत आधी हे पाहा. उपाय दोन ओळींचा आहे: प्रत्येक एमक्यूगेटच्या आधी सीसीएसआयडी आणि एन्कोडिंग मूळ किमतीला आणा.

रूपांतर न जमणं ही एमक्यूच्या लेखी चूक नसते, इशारा असतो. कम्प्लिशन कोड २ ऐवजी १ येतो आणि मेसेज न बदलता हातात दिला जातो. फक्त २ तपासणारा कोड बिनदिक्कत पुढे जातो. म्हणून १ आला की रिझन कोड लॉगमध्ये लिहा. २११० म्हणजे फॉर्मॅटमध्ये अडचण, बहुधा तिथे आठ स्पेस आहेत. २११९ म्हणजे रूपांतर झालं नाही. २१२० म्हणजे बदललेला मजकूर बफरमध्ये मावत नाही, आणि देवनागरीत हे सहज घडतं: ‘मराठी’ यूटीएफ-१६ मध्ये दहा बाइट, यूटीएफ-८ मध्ये पंधरा.

दोन क्यू मॅनेजरांना जोडणाऱ्या चॅनलवर रूपांतर चालू करावं की नाही यावर बरीच चर्चा होते. सेंडर चॅनलचं कन्व्हर्ट मुळात बंद असतं आणि ते तसंच ठेवावं, घेणाऱ्याने मागून घ्यावं, असं माझं मत आहे. पण चॅनल आणि घेणारा दोघांनीही रूपांतर केलं म्हणून मजकूर दोनदा बदलून बिघडतो, ही समजूत बरोबर नाही. चॅनल बाइट बदलतो तेव्हा वर्णनही बदलतो, त्यामुळे पुढच्याला खरी माहिती मिळते. दोनदा बदल होतो तो प्रोग्रामने हाताने रूपांतर करून हेडर तसाच ठेवला तर.

मजकूर नीट, पण कंस आणि आकडे गेले

नावं नीट येतात, जेसनचे महिरपी कंसही नीट येतात, पण यादी असलेला मेसेज मोडतो. हा एब्सडिकच्या प्रकारांमधला घोळ आहे. महिरपी कंस ३७, ५०० आणि १०४७ या तिन्हींत सी० आणि डी०च आहेत. चौकटी कंस मात्र ३७ मध्ये बीए व बीबी, १०४७ मध्ये एडी व बीडी, आणि ५०० मध्ये ४ए व ५ए. प्रोग्राम एका प्रकाराने लिहितो आणि हेडर दुसरा सांगतो, तेव्हा लॅटिन अक्षरं आणि अंक शाबूत राहतात आणि कंस बदलतात. चाचणीच्या मेसेजमध्ये यादी नसेल तर ही चूक वर्षभर लपून राहते.

आकड्यांची गोष्ट वेगळी. कोबोलच्या पॅक्ड दशांशात १२३४५ ही धन संख्या १२ ३४ ५सी अशा तीन बाइटांत बसते. शेवटचा सी म्हणजे धन चिन्ह. हा रकाना असलेल्या मेसेजवर एमक्यूएसटीआर लिहिलं की एमक्यू सगळं मजकूर समजून बदलतं. एब्सडिकमध्ये ५सी हा तारांकनाचा कोड, त्याचं ॲस्कीत २ए होतं, आणि संख्या संपली. उलट्या दिशेने असाच मेसेज गेला तर कोबोल प्रोग्राम एस०सी७ (अवैध दशांश डेटाची चूक) देऊन कोसळतो. बायनरी पूर्णांकात कोसळतही नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा: मेनफ्रेमवर ०० ०० ०० ०१ म्हणजे १, पण इंटेलवर तेच चार बाइट उलट क्रमाने वाचले की १,६७,७७,२१६. छोटीशी संख्या अचानक कोटीच्या घरात गेलेली दिसली तर बाइटचा क्रम तपासा.

मजकूर आणि बायनरी एकाच मेसेजमध्ये असतील तर एक्झिट, म्हणजे रूपांतराच्या वेळी एमक्यू बोलावतं तो आपला कोड, लिहून प्रत्येक रकान्याला वेगळी वागणूक देता येते. माझा कल मात्र दोन प्लॅटफॉर्मच्या सीमेवर बायनरी रकाने पाठवूच नयेत याकडे आहे. चिन्हासकट अंक मजकूर म्हणून पाठवा. थोडे बाइट जास्त जातील, पण डम्प पाहून माणसालाही संख्या वाचता येईल.

जेएमएसमधून (जावाच्या मेसेज पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीतून) पाठवलेल्या मेसेजच्या पुढे आरएफएच२ हे जादा हेडर लागतं. कोबोलला ते मजकुराचाच भाग वाटतं आणि सगळे रकाने सरकतात. डेस्टिनेशनचं टार्गेट क्लायंट हे सेटिंग १ केलं की ते जोडलं जात नाही. ते ठेवायचं असेल तर लक्षात घ्या: मुख्य हेडरमधला सीसीएसआयडी आरएफएच२ चं वर्णन करतो, मजकुराचं वर्णन आरएफएच२ च्या आत असतं.

रकान्याची लांबी

३७, ५०० आणि १०४७ या तिन्हींत देवनागरी नाहीच. त्यांत रूपांतर मागितलं तर नुकसान ठरलेलंच, कोणतीही सेटिंग ते वाचवू शकत नाही. मेनफ्रेमवर देवनागरी ठेवायची तर कोबोलमध्ये नॅशनल प्रकारचा रकाना, म्हणजे यूटीएफ-१६, किंवा एंटरप्राइज कोबोल ६.३ पासून मिळणारा यूटीएफ-८ प्रकार वापरा.

३० बाइटांच्या जुन्या रकान्यात यूटीएफ-८ भरलं तर दहाच चिन्हं मावतात. नावात एक स्पेस असली की हिशेब बदलतो: स्पेसचा एक बाइट, उरले २९, त्यात नऊ चिन्हं आणि दहाव्याचे दोनच बाइट. शेवटचं अक्षर अर्धं कापलं जातं आणि वाचणारा तिथे बदली चिन्ह टाकतो. फक्त लांब नावांच्या शेवटी खूण दिसत असेल तर एन्कोडिंग शोधत बसू नका, लांबी मोजा.

साठलेला खराब डेटा

दुरुस्तीच्या आधी खराब ओळींची प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा. दोनदा एन्कोड झालेला मजकूर परत मिळतो: यूटीएफ-८ म्हणून वाचा, लॅटिन-१ मध्ये लिहा, आलेले बाइट पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचा. लॅटिन-१ मध्ये २५६च्या २५६ बाइटांना जागा आहे, त्यामुळे काही हरवत नाही.

मधला टप्पा विंडोज-१२५२ चा असेल तर मात्र काळजी घ्या. त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना अक्षरच नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, उकाराच्या ऱ्हस्व मात्रेचा ८१, ‘ए’ चा ८एफ, ‘ऐ’ चा ९० आणि ‘झ’ चा ९डी. त्यामुळे ‘रमा’ व्यवस्थित परत येते आणि ‘कुलकर्णी’ तुटकं येतं. दहा नावं तपासून ‘झालं’ म्हणू नका, जोडाक्षरांची आणि उकारांची नावं मुद्दाम निवडून पाहा. ‘मराठी’ हा शब्द तर या चाचणीला अगदी निरुपयोगी आहे, त्यात या पाचांपैकी एकही बाइट येत नाही. ‘एकत्र झुंबड, ऐका [१]’ अशी ओळ घ्या. पाचही बाइट आणि चौकटी कंस एकाच वेळी तपासले जातात. प्रत्येक रिलीजनंतर आणि प्रत्येक आपोआप रीस्टार्टनंतर हीच ओळ सगळ्या टप्प्यांतून पाठवून पलीकडचे बाइट ताडून पाहा, अक्षरं नव्हे.

प्रश्नचिन्हं किंवा बदली चिन्हं झालेल्या ओळी कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. त्या मूळ सिस्टीमकडून पुन्हा मागवाव्या लागतात.

वारंवार फसलेले मेसेज बाजूला ठेवणाऱ्या बॅकआउट क्यूमध्ये गेलेल्या मेसेजचे बाइट बहुधा शाबूत असतात आणि चुकीचं असतं ते वर्णन. ते जसेच्या तसे परत टाकले तर पुन्हा तिथेच पोचतील. मजकुराला हात न लावता सीसीएसआयडी दुरुस्त करून टाका, आधी एकच मेसेज. बॅकआउट थ्रेशोल्ड (किती वेळा फसल्यावर मेसेज बाजूला काढायचा तो आकडा) ० असेल तर तोही आत्ताच बदला. जेएमएस त्याच्या आधारेच खराब मेसेज बाजूला काढतं, आणि कोबोल प्रोग्रामला बॅकआउट काउंट स्वतः तपासावा लागतो. नाहीतर एकच मेसेज रोलबॅक होत क्यूच्या तोंडाशी फिरत राहतो आणि त्याच्यामागचं सगळं काम अडतं.